सात पूर्णांक दोन व्होल्ट

धाकटीने बॅटरी जिभेला लावली. नवी असती तर टाळूपर्यंत सणक गेली असती. ही मुंगी चालल्याइतकी हलली आणि गप्प झाली. मीटर हाताशीच होता, तरी आधी जीभ आणि मग मीटर, ही तिची लहानपणापासूनची खोड.

*

‘स्टेजवर बॅटरीवर चालणारी कोणतीही वस्तू आणू नये. सर्व पेडल सभागृहाच्या एकाच सप्लायवर चालतील. नऊ व्होल्ट, आतली पिन मायनस. अपवाद केला जाणार नाही.’ कागद चार घड्या घालून गिटारच्या पेटीत ठेवलेला. ‘अपवाद’ या शब्दाखाली कुणीतरी पेनाने दोनदा रेघ मारलेली.

*

तेरा वर्षांची एक मुलगी भर दुपारी अडगळीच्या खोलीत बसून साबणाच्या डबीतून येणारं हवामान ऐकते आहे.

*

“तुझा दादा उजव्या हाताची नखं कापत नाहीये,” वहिनी फोनवर म्हणाली. “शनिवार होईपर्यंत नाही म्हणतो. मी म्हटलं, केस तरी विंचरा, त्यांचा आणि आवाजाचा काही संबंध नाही ना?”

*

पत्र्याला भोक पाडायचं तर आधी पंच ठेवून हातोडीने खूण ठोकावी लागते. खूण नसली की ड्रिलचं टोक घसरतं आणि जुन्या रंगावर ओरखडा उमटतो. ओरखड्याला इलाज नाही. धाकटीने असे ओरखडे आजवर दोनच पाडले होते आणि दोन्ही डब्यांच्या मालकांची नावं तिला अजून पाठ होती.

*

“हळू ठेव,” असं ती म्हणेपर्यंत दादाने डबी टेबलावर आपटलीही होती. हा मंगळवार.

“अगं, लोखंड आहे ते. एकेचाळीस वर्षं लाथा खातंय.”

लाथा हा शब्द चुकीचा नव्हता. बशीएवढी गोल, निळी, मधोमध पायाने दाबायचं बटण. गिटारची वायर एका बाजूने आत शिरायची, दुसऱ्या बाजूने स्पीकरकडे निघायची, आणि मधल्या चार बोटांच्या प्रवासात सरळमार्गी सूर फाटून, केसाळ होऊन, पोळ्यावर दगड पडल्यासारखा घोंगावत बाहेर यायचा. पायाने चालवायच्या अशा डबीला पेडल म्हणतात, आणि या जातीच्या पेडलला फझ. दादाने ती तरुणपणी जुनीच विकत घेतली होती. तिच्यावर त्याने चौघांच्या बँडसोबत एक रेकॉर्ड केली. त्या रेकॉर्डमधला गिटारचा सव्वा मिनिटाचा एक तुकडा, दादाचं नावगाव माहीत नसलेले लोकसुद्धा रस्त्याने चालताना तोंडाने वाजवायचे.

शनिवारी ते चौघं तीस वर्षांनी पुन्हा एकत्र वाजवणार होते.

धाकटीची खोली लाँड्रीच्या मागे होती. पलीकडे दिवसभर प्रेस चालायचं, त्यामुळे एक भिंत कायम उबदार असायची आणि थंडीत पाहुणे तिलाच टेकून बसायचे. जुने ट्रान्झिस्टर मात्र ती समोरच्या, गार भिंतीच्या कपाटात ठेवायची. त्यांना ऊब सोसत नाही, आवाज बिघडतो. तिचं काम एकच होतं: ज्या डब्या फक्त बॅटरीवर चालायच्या, त्यांना आजचा सप्लाय घेता येईल असं करून देणं. त्याला ती ‘तोंड बसवणं’ म्हणायची. कुठून कुठून पार्सलं यायची. शेकडो डब्यांना तिने तोंडं बसवली होती. दादाची डबी तिच्या टेबलावर पहिल्यांदाच आली होती.

“मी नाहीच म्हणणार होतो त्यांना,” दादा स्टुलावर बसत म्हणाला. “पण खुडबुडे, खरं सांगू? गेली दोन-तीन वर्षं तो आवाज परत लागायला लागलाय.”

“कुठला?”

“कुठला काय? आपल्या घरी लागायचा तो. मी घर सोडलं आणि तो गेला. मग लागायचा एखाद्या दिवशी, की परत गायब. रुसलेल्या जावयासारखा. आणि आता म्हातारपणी बघ, गिटार उचलली की हजर.”

“कशाने लागला म्हणे?”

दादाने उजवा हात पुढे केला. नखं खरंच वाढली होती. “बोटं. बोटं पिकतात गं. तरुणपणी कच्ची असतात, मधे आंबतात, शेवटी पिकतात.”

“आणि मग गळतात.”

“गप. उघड ती.”

तिने डबी उलटी केली, मधला मोठा स्क्रू काढला आणि झाकण उचललं. आत दोन ट्रान्झिस्टर, चारपाच रेझिस्टर, जुन्या कापडी वेष्टणाच्या तारा. आणि बॅटरी. तिने ती क्लिपमधून सोडवली आणि जिभेला लावली.

“ही कधी बदलली होतीस?”

“काय माहीत. पाच वर्षं झाली असतील. वाजवतो किती मी? आठवड्यातून दोनदा, तेही हिच्या झोपेच्या वेळा सांभाळून.”

तिने मीटरच्या सुया लावल्या. सात पूर्णांक दोन. टेबलावर नोंदवही उघडी होती, पेन वहीत होतं. येणाऱ्या प्रत्येक डबीचा प्रत्येक आकडा ती त्या वहीत लिहायची. हा तिने लिहिला नाही. बॅटरी कपड्याने पुसली आणि ड्रॉवरमध्ये ठेवून दिली.

“काय झालं?”

“काही नाही. होईल गुरुवारपर्यंत.”

“नाही झालं तर तेही सांग. सभागृहातली ती साउंडवाली म्हणते, काका, टेन्शन घेऊ नका, तुमचा आवाज आहे माझ्याकडे कॉम्प्युटरमध्ये. माझा! कुठल्यातरी कंपनीने रेकॉर्डवरून उतरवून घेतलाय म्हणे. बटण दाबलं की मी. परवा वाजवून दाखवला तिने. बाकीचे तिघं माना डोलवतायत, वा वा, तूच की रे हा.” दादाने नियमांच्या कागदाची परत घडी घातली. “मागच्या कार्यक्रमात भर गाण्यात कुणाची तरी बॅटरी मेली, म्हणून हा नियम. एकाची मेली आणि सगळ्यांना सुतक.”

“मग वाजव की कॉम्प्युटरवर.”

“मग मी कशाला पाहिजे? या डबीतून आवाज लागला तर जाईन. नाही तर मी घरी बसतो, त्यांनी बटण दाबावं.”

तो हे हसत म्हणाला, पण जाताना दाराशी दोनदा थांबला आणि दोन्हीदा डबीकडे बघितलं, दवाखान्यात कुणाला तरी ठेवून निघाल्यासारखं.

*

वहीतली नोंद, बुधवार.

निळी गोल डबी. मूळ सर्किट चालू. जुन्या पद्धतीचं, प्लस पत्र्याला जोडलेलं. आजच्या सप्लायला मायनस पत्र्याला लागतो. थेट जोडली तर शॉर्ट होऊन स्टेजवरचं सगळं बंद पडेल. आत उलटं करून देणारी नखाएवढी पट्टी बसवली. उलटी पिन लागू नये म्हणून डायोड. भोक मागच्या बाजूला, बारा मिलिमीटर. ओरखडा नाही. मूळच्या एकाही टाक्याला हात लावला नाही. मालक: दादा.

*

गुरुवारी त्याने गिटार लावली, डबीवर पाय दिला, तो सव्वा मिनिटातला पहिला तुकडा वाजवला आणि मधेच तळहाताने तारा दाबून टाकल्या.

“कोण आहे हा?”

“कोण?”

“हा आतला. हा मी नाही.”

धाकटीने मीटर लावला आणि त्याच्याकडे वळवला. नऊ पूर्णांक शून्य.

“मी काय आकडा ऐकतोय?”

“दादा, सर्किट जसंच्या तसं आहे. वही दाखवू?”

“म्हणजे अंगण सरळ आहे. मलाच नाचता येत नाही.”

“मी कुठे तसं म्हटलं?”

“तुझं तोंड म्हणतंय.”

त्याने पुन्हा वाजवलं. आवाज स्वच्छ होता. फाटलेला, पण नीट फाटलेला, कात्रीने कापल्यासारखा. प्रत्येक सूर ठसठशीत उभा राहत होता. कुठल्याही गिऱ्हाईकाने पाठ थोपटली असती.

“रेकॉर्ड लावू का?” ती म्हणाली. “दोन्ही शेजारी शेजारी ऐकून बघ.” म्हणून झाल्यावर तिने जीभ चावली. ती रेकॉर्ड तिच्याकडे होती, पण ती कधी लावायची नाही. कुठे लागली तर उठून जायची. लोकांना वाटायचं, भावाचं कौतुक ऐकून लाजते.

“ती नको. तिच्यात तो आवाज कधी आलाच नाही.”

हे वाक्य तिने आयुष्यभर ऐकलं होतं. मुलाखतीतही दादा हेच बोलायचा आणि समोरचा समजूतदारपणे हसायचा. कलावंताला आपली वस्तू कधी आवडते का? आता धाकटीही तशीच हसली.

“हा त्या कॉम्प्युटरसारखा वाजतोय,” दादा म्हणाला. “अगदी तसाच. धुऊन इस्त्री केलेला.”

पलीकडे प्रेसने फुस्स करून वाफ सोडली.

“घे. त्यांनाही पटलं.”

ती हसली नाही. तिला वाटलं, आता तो चिडेल, तुझ्या हाताने सत्यानाश केलास म्हणेल. तसं तो म्हणाला असता तर बरं झालं असतं. पण दादाने गिटार मांडीवर आडवी ठेवली आणि उजवा हात उजेडात धरून बघत बसला. पालथा, उताणा. एकेक बोट वाकवून बघितलं.

“तुझी चूक नाही गं,” तो म्हणाला. “मीच उगाच. लागला होता दोन वर्षं, गेला परत. पिकलं ते गळतं, तूच म्हणालीस. सांगून टाकतो त्यांना.”

“उद्या संध्याकाळपर्यंत थांब.”

“कशाला?”

“थांब म्हटलं ना.”

*

साबणाची डबी गुलाबी होती. तिला सुईने भोकं पाडून, आत कुठून कुठून काढलेले सुटे भाग जोडून, तेरा वर्षांच्या मुलीने रेडिओ केला होता. मोठ्या आवाजाचा नव्हता, कानाला लावला तरच बोलायचा. दुपारी एक माणूस दूरदूरच्या बंदरांवरचं हवामान सांगायचा: वारा कुठल्या दिशेचा, लाटा किती फूट. तिने समुद्र बघितला नव्हता. लाटांचे आकडे तिला आवडायचे.

रेडिओ नऊ व्होल्टची बॅटरी खायचा. घरात तशी बॅटरी महिन्याला एक यायची आणि ती दादाची असायची. दादा बाहेर जाऊन वाजवायचा, त्याचं ते काम होतं. हिची नुसती खुडबुड. खुडबुडीला कोण बॅटरी आणून देतं?

दादा नवी बॅटरी घालायचा, झाकण लावायचा आणि अंघोळीला जायचा. तेवढ्या वेळात एक स्क्रू निघायचा, त्याची नवी बॅटरी हिच्या डबीत जायची, हिची अर्धी संपलेली त्याच्या डबीत जायची, आणि स्क्रू परत बसायचा. दादाला अंघोळीत गायची सवय होती, त्यामुळे किती वेळ उरलाय ते कळायचं.

पहिल्या वेळी ती दाराआड उभी राहिली होती. दादाने डबीवर पाय दिला. आवाज जरा बसका निघाला, सूर आधी दबला आणि मग हळूहळू फुलत गेला, धापा टाकल्यासारखा. झालं, ती मनात म्हणाली, आता सापडले. दादा थांबला. परत तोच सूर वाजवला. मग आतल्या खोलीकडे बघून ओरडला: “आई! आज काय आवाज लागलाय, ऐक!”

त्यानंतर दोन वर्षं, दर महिन्याला, अंघोळीच्या वेळी.

पुढे तो रेकॉर्डिंगला गेला. आदल्या दिवशी त्याने मुद्दाम नवीकोरी बॅटरी आणून घातली होती. तीही तिने काढली. मग रेकॉर्ड निघाली, गाजली, दादा घर सोडून गेला, मुलाखती देऊ लागला, आवाज बोटात असतो म्हणू लागला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं तिचं झालं. कुणी दादाच्या बोटांचं कौतुक केलं की ती आपल्या बोटांकडे बघायची. लाज वाटायची. आणि खरं सांगायचं तर, लाजेच्या आत, अगदी तळाशी, दुसरंही काहीतरी वाटायचं, ज्याची तिला जास्त लाज वाटायची. कारण ते गोड होतं.

*

शुक्रवारी दादा आला तेव्हा डबी उघडीच होती. सप्लायची तार आणि सर्किट यांच्यामध्ये तिने वाटाण्याएवढं एक फिरतं बटण जोडलं होतं. सर्किटच्या दोन टोकांना मीटर लावलेला, पण आकड्याची बाजू तिच्याकडे.

“वाजव.”

“तेच?”

“तेच. थांबू नको.”

तो वाजवत राहिला. तिने छोटा स्क्रूड्रायव्हर बटणात घातला आणि फिरवायला लागली. नऊ. आठ पूर्णांक सहा. दादाचं तोंड कडू. आठ. सात पूर्णांक आठ. त्याने मान वर केली. सात पूर्णांक पाच. वाजवणं संथ झालं, जसं अंधारात पायरी चाचपतात तसं. सात पूर्णांक दोन.

सूर आधी दबला आणि मग फुलत गेला.

“हां,” दादा म्हणाला. “हां हां. इथेच. हात काढ. हात काढ तिथून!”

तिने हात काढला. तो डोळे मिटून पूर्ण सव्वा मिनिट वाजवत राहिला, मग आणखी कितीतरी वेळ, रेकॉर्डवर नव्हतं तेही. लाँड्रीतलं प्रेस थांबलं होतं. तिकडच्या बायका ऐकत असाव्यात.

“काय केलंस?” त्याने डोळे उघडले.

“बॅटरी अर्धी मेलेली असली की जेवढे व्होल्ट मिळतात, तेवढेच द्यायचे. म्हणजे सप्लायला मेलेल्या बॅटरीचं सोंग घ्यायला लावायचं.”

“मेलेल्या? म्हणजे गेली दोन वर्षं जो लागत होता तो…”

“तुझी बॅटरी संपत आली होती.”

दादाने बोटांकडे बघितलं. मग तिच्याकडे. “बरं. ते आत्ताचं झालं. पण तेव्हा? आपल्या घरी? तेव्हा मी दर महिन्याला नवी घालायचो. स्वतःच्या हाताने बदलायचो मी.”

“आणि मी परत बदलायचे.”

ती सोल्डरिंग आयर्नचं टोक ओल्या स्पंजवर पुसत होती. टोक कधीच स्वच्छ झालं होतं.

“काय?”

“माझ्या रेडिओला लागायची. साबणाची डबी होती बघ, गुलाबी. तू अंघोळीला गेलास की तुझी नवी काढून घ्यायचे आणि माझी उरलेली तुझ्यात घालायचे.”

“किती वेळा?”

“दर वेळा.”

दादाच्या घशातून एक आवाज निघाला. हसू होतं की आणखी काही, ते तिला कळलं नाही. मान वर करायची तिची हिंमत नव्हती. सुरुवात केलीच आहे तर संपवून टाकावं म्हणून ती बोलत राहिली.

“रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी तू नवीन आणली होतीस. तीही मी काढली. ते जे सव्वा मिनिट आहे ना, सगळं जग वाजवतं ते, ते माझ्या उरलेल्या बॅटरीवर आहे. आवाज बोटात असतो म्हणून तू सगळ्यांना सांगत राहिलास आणि मी ऐकत राहिले. इतकी वर्षं. शंभरदा वाटलं सांगावं.”

“आदल्या दिवशी,” दादा म्हणाला.

“हो.”

“रेकॉर्डिंगच्या.”

“हो म्हटलं ना.”

 त्याने बोलायला तोंड उघडलं. तेव्हाच तिने वर बघितलं, आणि तिचा चेहरा बघून त्याने ते मिटलं. तिच्या गालांवर एवढीएवढी लाली चढली होती, तेरा वर्षांच्या पोरीला बक्षिसासाठी पुढे बोलावल्यावर चढावी तशी. ते तिला स्वतःला माहीत नव्हतं.

“मग कव्हरवर तुझंही नाव पाहिजे होतं,” दादा म्हणाला.

“काय म्हणून? चोर म्हणून?”

“गिटार: मी. बॅटरी: धाकटी.”

“रागावलास?”

“एकेचाळीस वर्षांनी रागवायला सवड कुणाला आहे? शनिवार उद्यावर आलाय. बटण बाहेरून फिरेल असं करून दे. आणि सात की काय ते, तिथे खूण कर पक्की. स्टेजवर ती साउंडवाली हात घालेल.”

“सात पूर्णांक दोन.”

“तेच ते. वहीत लिहून ठेव, नाही तर विसरशील.”

तिने वही ओढली आणि मंगळवारच्या रिकाम्या ओळीत आकडा लिहिला. मग टेबल पुसलं. ते पुसलेलंच होतं. तिने परत पुसलं.

*

शनिवारी दुपारी सभागृह रिकामं होतं. खुर्च्यांवर अजून कापडं होती. धाकटी पहिल्या रांगेत पर्स मांडीवर धरून बसली होती, शेजारी वहिनी. दादाचे केस विंचरलेले होते.

साउंडवालीने वाकून डबीला सप्लायची पिन लावली आणि मागच्या बाजूला बोट फिरवलं. “आत बॅटरी नाही ना, काका?”

“नाही.”

“मग हे बटण कसलं?”

“आमच्या घरचं आहे. हात लावू नका.”

तिने हात वर केले, हसली, आणि आपल्या टेबलाकडे गेली. दादाने डबीवर पाय दिला.

रिकाम्या सभागृहात तो सूर आधी दबला, जणू जागा बघत होता, आणि मग फुलत फुलत मागच्या भिंतीपर्यंत गेला. वहिनीने धाकटीच्या मनगटावर हात ठेवला. सव्वा मिनिट संपलं. मग ड्रमच्या मागून एक पांढरं डोकं वर आलं.

“हा कुठला रे आवाज? रेकॉर्डवर असा नव्हता.”

“तुझे कान गेलेत,” दादा म्हणाला.

“कान जाऊ देत. रेकॉर्डवर असा नव्हता, सांगतोय मी. हा चांगलाय त्याच्यापेक्षा.”

“साठी बुद्धी नाठी. काठ्या उचल आणि मोज.”

सगळे हसले. धाकटीही हसली. ड्रमवाल्याला पहिल्यापासून वाद घालायची सवय, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तिने पर्स शेजारच्या खुर्चीवर ठेवली, पाठ मागे टेकली, आणि चार आकडे मोजले गेल्यावर चौघांनी मिळून वाजवलेला तो तुकडा आयुष्यात पहिल्यांदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकला.

*

रेकॉर्डिंगच्या दिवशी सकाळी स्टुडिओतल्या माणसाने निळी डबी उघडली, आतल्या बॅटरीला मीटर लावला, ‘ही संपत आलीय’ म्हणून ती काढून दादाच्या हातावर ठेवली, आणि दोन तारा जोडून डबी आपल्या टेबलावरच्या सप्लायवर चालवली. बरोबर नऊ व्होल्ट.